दोघं आत, एक बाहेर

त्या सकाळी वहिनी खिडकीशी बसून पिशवी उसवत होत्या. पिशवी म्हणजे जुन्या पँटचा गुडघ्याखालचा पाय, दोन्ही तोंडं शिवलेला आणि आत सुके वाटाणे भरलेला. कॅमेऱ्याची लांब लेन्स अशा पिशवीवर टेकवली की हात थरथरला तरी फोटो हलत नाही. बाजारात त्या आयत्या मिळतात, पण घरचं शिलाई मशीन असताना विकतची पिशवी आणायची, हे वहिनींना कधीच पटलं नव्हतं. आता मात्र पिशवीला पावसाची अशी ओल लागली होती की आतल्या वाटाण्यांना मोड आले होते.

“घ्या! फोटो काढायला आलो आणि शेती करून चाललो,” वन्सं म्हणाल्या.

वन्सं म्हणजे वहिनींची नणंद. सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीमागे झालेली, त्यामुळे समोरच्याला बोलू न देण्याची सवय हाडीमांसी खिळलेली. पण मनाने लोण्याहून मऊ. भाऊ गेल्यापासून दर रविवारी वहिनींकडे यायच्या, स्वयंपाकात चुका काढायच्या आणि जाताना जिन्यात उभ्या राहून डोळे पुसायच्या. या सुट्टीला त्या आपणहून आल्या होत्या. “तुला एकटीला कोण सोडतंय,” एवढंच म्हणाल्या आणि बॅग भरली.

सुट्टीचा मात्र पार चिखल झाला होता. हे दिवस कोरडे असायला हवे होते. ओढा आटून त्याचे डोह होतात, मासे एका जागी येतात आणि त्यांच्यामागे पाखरं येतात, म्हणून तर कॅमेरेवाले लोक नेमके याच दिवसांत या विश्रामगृहावर गर्दी करतात. पण ही मंडळी उतरली आणि आभाळ फाटलं. वाऱ्याने विजेचे खांब आडवे केले, तळघरातला जनरेटर पाण्यात बुडाला. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली जाणार अशी चिन्हं दिसताच बाकीचे पाहुणे एकेक करून निघून गेले. वहिनींनी पाय रोवले. साहेबाचा फोटो मिळाल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या.

साहेब म्हणजे एक पाखरू. मोठा खंड्या, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, डोक्यावर विस्कटलेला तुरा. तो आला की फोटोसाठी लपून बसलेली माणसं श्वास रोखून ताठ बसतात, म्हणून वहिनींच्या नवऱ्याने त्याचं नाव साहेब ठेवलं होतं. नवऱ्याला सगळे चष्मेवाले म्हणत. त्यांच्या दुकानाच्या एका अंगाला काचेच्या कपाटात चष्मे आणि दुसऱ्या अंगाला वहिनींचं मशीन, असा दोघांचा जन्म एकाच छपराखाली गेला. दर वर्षी एकदा दुकानाला कुलूप लावून दोघं इथे येत. साहेबाची पाठ, साहेबाची शेपटी, साहेब नुकताच उडून गेलेला ओंडका, असे किती तरी फोटो चष्मेवाल्यांनी काढले होते. समोरून, भिंगात बघणारा, स्वस्थ बसलेला साहेब काही मिळाला नव्हता. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी त्याच्यासाठी एक रिकामी चौकट टांगून ठेवली होती. गिऱ्हाइकं विचारत, “यात काय?” ते म्हणत, “साहेब यायचेत अजून.”

आता दुकान दुसऱ्याच्या ताब्यात जाणार होतं. मुलगा परगावी, त्याला चष्म्यांत रस नाही. चौकट भिंतीवरून उतरायच्या आत एकदा तरी भरायची, एवढं वहिनींना हवं होतं. त्यासाठी त्या कॅमेरा शिकल्या. श्वास सोडताना बटण दाबायचं, हे नवऱ्याने कधी काळी सांगितलेलं त्यांना आठवत होतं. आणखीही एक गोष्ट त्यांना हवी होती, ती त्यांनी वन्संनाही सांगितली नव्हती. ज्या जागी ते शेवटचे बसले होते, त्या जागेच्या शेजारी त्यांना थोडा वेळ बसायचं होतं.

लपण म्हणजे ओढ्याच्या वळणावरची लाकडी खोली. पुढे लेन्सपुरती फट, तिच्यासमोर पाण्यातला ओंडका, बाजूला हाताएवढी खिडकी, मागे दार. आत दोन स्टुलं. विश्रामगृहापासून तिथवर जाणारी वाट उघड्या गोट्यांवरून जाते, त्यामुळे कोण आत गेलं ते पाखरांना लांबूनही दिसतं. एकटा माणूस आत गेला तर साहेब दिवसभर फिरकत नाही. त्यावर कॅमेरेवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. दोघांनी बरोबर आत जायचं आणि थोड्या वेळाने एकाने बाहेर पडून आल्या वाटेने निघून जायचं. पाखरांना मोजता येत नाही. आत गेलेलं माणूस बाहेर गेलं, की त्यांच्या लेखी लपण रिकामं.

तर ते बाहेर पडणारं माणूस म्हणजे वहिनी. इतकी वर्षं त्यांचं काम तेवढंच. नवऱ्याबरोबर आत जायचं, त्याला पाण्याची बाटली हाताशी ठेवून द्यायची, “हलू नका हं” म्हणायचं आणि मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं, छत्री हलवत परत यायचं. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत आल्यावर खिडकीतला टेबललॅम्प लावायचा. त्याची टोपी फाटली होती, ती वहिनींनीच एका वर्षी पिवळ्या कापडाने मढवली होती. लपणाच्या बाजूच्या खिडकीतून तो पिवळा उजेड दिसला की चष्मेवाल्यांना कळे, बायको सुखरूप पोचली. संध्याकाळी उशीर झाला की वहिनी दिवा दोनदा मिचकावत, म्हणजे ‘आता या.’ त्यावर खिडकीतून पांढरा रुमाल हले, म्हणजे ‘अजून थोडा वेळ.’ पहिल्या हाकेला तो माणूस जन्मात कधी उठला नाही. वहिनी चडफडत, पण नवरा जिना चढून येईपर्यंत दिवा मालवत नसत. तो त्यांचा नेमच होता.

मागच्या वर्षी त्यांनी दिवा लावला आणि शिवण हाती घेतलं. संध्याकाळी दोनदा मिचकावला. रुमाल हलला नाही. वहिनींना वाटलं, साहेब आला असणार, समोर बसला असणार, हात हलवायची सोय नसेल. त्यांना इतका आनंद झाला की पुन्हा मिचकावायचंही त्यांनी टाळलं. शेवटी विश्रामगृहाचा राखणदार बघायला गेला तेव्हा चष्मेवाले वाटाण्याच्या पिशवीवर गाल टेकून बसले होते आणि हृदय बंद पडून बराच वेळ झाला होता. दारातून स्ट्रेचर जाईना, म्हणून लपणावरची हिरवी ताडपत्री काढून त्यात त्यांना गुंडाळलं आणि चौघांनी उचलून नेलं.

“वहिनी, ऐकतेस ना?” वन्सं म्हणत होत्या. “पाऊस जरा उघडलाय. राखणदार म्हणतो पुलावर जाऊन बघू, पाणी उतरलं असेल तर लगेच निघायचं. मी जाते त्याच्याबरोबर. तिथे मोबाइलला रेंज आली तर तुझ्या लेकाशीही बोलते.”

“तुम्ही परत येईपर्यंत मला लपणात सोडा,” वहिनी म्हणाल्या.

“अगं, इतके दिवस बसलीस, काय मिळालं? नाक तेवढं गळायला लागलं!”

“शेवटचं, वन्सं.”

वन्संनी पुढे वाद घातला नाही. वहिनींनी मोड आलेले वाटाणे खिडकीबाहेर टाकले आणि पिशवीत कोरडे भरून टाके घातले. टेबललॅम्पचा प्लग काढलेला होता, वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली. बॅगा आधीच जीपमध्ये ठेवल्या होत्या. खोलीला कुलूप लावून किल्ली त्यांनी पदराच्या टोकाला बांधली. उशाशी ठेवलेला रुमाल कॅमेऱ्याच्या बॅगेत गेला.

राखणदार जीपशी उभा होता. माणूस वाईट नव्हता, पण कामापेक्षा बोलण्यात जास्त. कॅमेऱ्याची बॅटरी जीपवर चार्ज करून दिल्याचं तो दिवसातून तीनदा ऐकवी.

“बाई, खरं सांगू का, त्या लपणात आता राम राहिला नाही,” तो म्हणाला. “मागच्या वर्षी ते... ते झालं ना, तेव्हापासून साहेब ओंडक्यावर बसलाच नाही. पलीकडच्या काठावर बसतो आणि लपणाकडे तोंड करून ओरडतो. आत माणूस असलं की ओरडतो ना, तस्सा. लपणाला कुलूप असलं तरी ओरडतो! मला वाटलं खाली पाणमांजर शिरलंय. दोनदा फळ्या उचकटून बघितल्या. काही नाही.”

“पावसामुळे बिथरला असेल,” वन्सं म्हणाल्या.

“पाऊस आत्ता आलाय, ताई. हे वर्षभर चाललंय.”

दोघी गोट्यांच्या वाटेने निघाल्या. ओढा गढूळ होऊन फुगला होता, त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. लपणाचं दार ओलीने फुगून बसलं होतं, वन्संनी खांद्याने ढकललं तेव्हा उघडलं. आत काळोख आणि कुजक्या लाकडाचा वास. वन्सं दारातच थांबल्या. आपला दादा इथेच गेला, हे त्यांना इथे आल्यावर दर वेळी नव्याने आठवे, आणि मग त्यांना आत पाऊल टाकवत नसे. आज मात्र त्या आत आल्या, क्षणभर उभ्या राहिल्या आणि भावाच्या स्टुलावर हात फिरवला.

“ओलं नाहीये गं,” त्या हळूच म्हणाल्या. “सगळीकडे गळतंय आणि हे स्टूल कोरडं कसं?”

“वर फळी जाड असेल.”

“असेल.” वन्संनी हात मागे घेतला. “येते मी. हलू नकोस हं.”

त्या निघाल्या. बाजूच्या खिडकीतून वहिनींना त्यांची छत्री वाटेने जाताना दिसली, मग जीपचं दार वाजलं आणि जीप वळणाआड गेली. विश्रामगृहात आता चिटपाखरू नव्हतं. वहिनी आपल्या स्टुलावर बसल्या. दुसरं स्टूल त्यांनी रिकामं ठेवलं होतं, पहिल्या दिवसापासून. लेन्स पिशवीवर टेकवून त्यांनी फटीतून बाहेर बघितलं.

साहेब पलीकडच्या काठावर होता. तुरा ताठ, चोच लपणाकडे. आणि तो ओरडायला लागला. खट्ट, खट्ट, खट्ट, दाताखाली खडा आल्यासारखा कोरडा आवाज. थांबायचा, मान वाकडी करून बघायचा आणि पुन्हा सुरू. दोघी आत गेल्या, एक बाहेर आली. युक्ती त्याच्यासमोर झाली होती. एरवी एव्हाना तो ओंडक्यावर येऊन बसायला हवा होता.

पाऊस पुन्हा लागला. छपरावर टपटप सुरू झाली आणि दुपार असून दिवेलागणीसारखं अंधारून आलं. वहिनींना थंडी वाजत होती. शाल घट्ट ओढून घेताना त्यांना वास आला. आधी त्यांनी लक्ष दिलं नाही, कारण हा वास त्यांच्या इतका ओळखीचा होता की वेगळा कळतच नसे. भिंगं पुसायच्या स्पिरिटचा वास. दुकानाचा, त्यांच्या बोटांचा, रात्री उशीवर येणारा.

वहिनी तशाच बसून राहिल्या. मान वळवायची हिंमत होईना. भीती वाटत होती हे खरं, पण त्या भीतीच्या पोटात दुसरंच काही तरी होतं, आणि ते इतकं गोड होतं की त्यांना त्याचीच जास्त भीती वाटली. बाजूचं स्टूल किंचित करकरलं. माणूस बसल्या जागी एका कुशीवरचा भार दुसरीवर घेतो, तसं. फार वेळ बसलं की चष्मेवाल्यांची कंबर धरायची.

समोर साहेब ओरडतच होता. आणि मग वहिनींच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. राखणदार वर्षभर फळ्या उचकटत होता, आणि काखेत कळसा नि गावाला वळसा, असं चाललं होतं. पाखराला मोजता येत नाही, आत गेलेलं बाहेर आलं की नाही एवढंच त्याला कळतं. मागच्या वर्षी वहिनी बाहेर पडल्यावर साहेब फसला असेल, आलाही असेल. पण त्यानंतर दार उघडलं, माणसं घुसली, आरडाओरडा झाला, आणि त्या गडबडीत आत एक माणूस बसलेला आहे हे पलीकडच्या काठावरून त्याने बघितलं. तो माणूस चालत बाहेर आलेला त्याला कधी दिसलाच नाही. चौघांनी एक हिरवं गाठोडं नेलं. ते पाखराच्या लेखी सामान.

पाखराच्या लेखी... आणि ज्याने जायचं, त्याच्या लेखी? कुणी त्याला निघा म्हणून सांगितलंच नव्हतं. शेवटचं वाक्य त्याच्या कानांवर पडलं ते ‘हलू नका हं.’ आणि जन्मात पहिल्यांदा वहिनींनी काही सांगितलेलं त्या माणसाने निमूट ऐकलं होतं.

वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वर्षभर, या ओलीत, या काळोखात, एकटे.

“अहो...” त्या म्हणाल्या. “अहो, ऐकलंत का...”

छपरावरची टपटप जरा मंदावली. स्पिरिटचा वास अगदी जवळ आला.

“किती वेळ बसायचं ते... कंबर धरली असेल ना? आज माझी पाळी आहे. मी बसते. तुम्ही... तुम्ही निघा आता.”

काहीच झालं नाही. साहेब ओरडला. वहिनींना स्वतःचंच हसू येईल की काय असं वाटलं, आपण वेड्यासारखं रिकाम्या स्टुलाशी बोलतोय म्हणून. त्यांना मनातून वाटत होतं, निघू नका. चौकट गेली खड्ड्यात. इथेच बसू दोघं, वन्सं येईपर्यंत तरी. तरीही त्यांनी ते शब्द तोंडातून काढले, कारण इतकी वर्षं जे त्या करत आल्या, ते कुणी तरी करायलाच हवं होतं.

“साहेब यायचेत अजून,” त्या म्हणाल्या. “आपण दोघं आत असलो तर ते यायचे नाहीत. निघा... आणि पोचलात की दिवा लावा.”

शेजारी ‘कट्’ असा आवाज झाला.

उठताना चष्मेवाल्यांचा उजवा गुडघा वाजायचा. वहिनी त्यावरून त्यांना किती चिडवत. “आले बघा, कुलूप उघडलं!” म्हणत. आज त्यांनी ओठ दाताखाली धरले आणि डोळे लेन्सला लावले. मागे फुगलेलं दार, जे वन्संनी खांद्याने ढकललं होतं, ते आवाज न करता उघडलं. पाठीवर ओला वारा आला. मग पुन्हा बंद झालं.

मागे वळून बघणं वहिनींना झालं नाही. पण लेन्समध्ये साहेब होता, आणि साहेब बघत होता. त्याचं ओरडणं थांबलं होतं. तुरा हळूहळू खाली बसला. त्याची मान लपणाच्या दाराकडून सावकाश वळायला लागली, गोट्यांच्या वाटेने, माणसाच्या चालीने. मध्येच थांबली. वाटेवर जिथे मोठा गोटा आहे तिथे चष्मेवाले नेहमी दम खात. मग मान पुन्हा वळायला लागली, वळत वळत विश्रामगृहाकडे गेली आणि तिथे थांबली.

त्यानंतर साहेब उडाला, पाण्यावरून सरळ आला आणि ओंडक्यावर बसला.

इतका जवळ की त्याच्या छातीवरचे पावसाचे थेंब दिसत होते. त्याने अंग झाडलं, पंख मिटले आणि भिंगात बघितलं. वहिनींनी श्वास सोडला आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. साहेब हलला नाही. रिकाम्या खोलीसमोर बसावं तसा तो निवांत बसला होता.

फोटो मिळाला. आणि वहिनींना कळलं की साहेब आला म्हणजे ते गेले. हात तोंडावर दाबून त्या रडल्या. मागच्या वर्षी त्यांना इतकं रडता आलं नव्हतं. तेव्हा माणसं होती, कागद होते, गाडीची सोय बघायची होती. आज कुणी नव्हतं. स्पिरिटचा वासही नव्हता. त्यांनी शेजारच्या स्टुलावर हात ठेवला, तर ते चिंब ओलं होतं.

साहेब केव्हा तरी मासा मारून निघून गेला. बाहेर आणखी काळवंडलं. वहिनींनी लेन्स काढून बॅगेत ठेवली, डोळे पुसले आणि सहज, काही मनात नसताना, बाजूच्या खिडकीतून विश्रामगृहाकडे बघितलं.

सगळी इमारत काळोखात होती. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत पिवळा उजेड होता.

वहिनींचा हात पदराच्या टोकाकडे गेला. किल्ली तिथेच होती, गाठीत. प्लग त्यांनी स्वतःच्या हातांनी काढला होता. त्या बघत राहिल्या. टोपीवरची त्यांची शिवणसुद्धा जणू त्यांना इथून दिसत होती. पोचले. सांगितलं ते ऐकलं आणि पोचले. त्यांना वाटलं, ऊर फुटेल.

मग दिवा गेला. आला. पुन्हा गेला, आणि पुन्हा आला.

आता या.

वहिनी उठल्याच. बॅग खांद्याला लावली, दाराशी गेल्या. दारापलीकडे वाट होती, वाटेवर तो मोठा गोटा. वर खोली कोरडी असेल, उबदार असेल, शेजारी कुणी बसलेलं असेल. वर्षभर घरी त्या रोज रात्री हाच विचार करत झोपल्या होत्या की कुणी तरी आपल्याला बोलवावं. आणि आता बोलावणं आलं होतं. दार ओढलं, तर ते फुगून बसलेलं. दुसऱ्यांदा ओढताना त्यांना वन्सं दिसल्या, जिन्यात उभ्या राहून डोळे पुसणाऱ्या. आधी भाऊ याच लपणातून गेला. आता वन्सं पुलावरून परत येतील, दार ढकलतील, आणि...

वहिनी परत स्टुलाशी आल्या. बॅगेतून रुमाल काढला, पांढरा, निळ्या काठाचा, चष्मेवाल्यांचा. हात खिडकीतून बाहेर काढून त्यांनी तो पावसात हलवला.

अजून थोडा वेळ.

दिवा तसाच राहिला. मिचकावला नाही. मालवलाही नाही.

वळणावर जीपचा हॉर्न वाजला. वन्सं ओरडत, घसरत आल्या आणि खांद्याने दार उघडलं. “पाणी उतरलंय! पण वर पुन्हा कोसळतोय, आत्ताच्या आत्ता निघायला हवं. चल... अगं, काय झालं? रडतेस काय?”

“साहेब मिळाला.”

वन्संनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघितला आणि छत्री उघडली. दोघी एका छत्रीत वाटेने निघाल्या. जीपपाशी आल्यावर वन्संनी वर बघितलं.

“वीज आली का रे?” त्यांनी राखणदाराला विचारलं.

“कुठली वीज? तारा अजून रस्त्यात पडल्यात, आत्ता ओलांडून नाही का आलो आपण...” राखणदाराने त्यांच्या नजरेच्या रोखाने वर बघितलं आणि त्याचं बोलणं अर्ध्यात राहिलं.

वहिनींनी पदराची गाठ सोडून किल्ली त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती घेतली, पण वर जायला तो काही वळला नाही. जीपमध्ये बसला आणि गाडी सुरू केली. वन्संनी वहिनींचा हात घट्ट धरला होता. मागच्या काचेतून पिवळा उजेड वळण येईपर्यंत दिसत होता.

मशीनबरोबर चौकटही दुकानातून घरी आली आणि त्याच्या वर लागली. साहेब त्यातून बघत असतो. वन्सं दर रविवारी येतात, त्याच्याकडे बघून म्हणतात, “काय साहेब, जेवलात का?” आणि वहिनी हसतात.

पावसाळा होऊन गेल्यावर एका दुपारी राखणदाराचा फोन आला. बरीच गर्दी आहे म्हणाला, साहेब रोज ओंडक्यावर बसतो, पाहुणे खूश आहेत. मग घुटमळला.

“बाई... ती वरची खोली आता आम्ही कुणाला देत नाही. तो दिवा आहे ना, पिवळा... संध्याकाळ झाली की लागतो. बल्ब काढून ठेवला, तरी लागतो. काय करू? उचलून टाकून देऊ का?”

वहिनींनी चौकटीकडे बघितलं.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “मी येईपर्यंत राहू द्या.”

फोन ठेवून त्या परत मशीनवर बसल्या. हातातलं शिवण अजून थोडं बाकी होतं.